दुरून हांकलेली नाव

उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या फरशीवर एक लहानसा अपघात झाला. आजच्या भाषणाचें मूळ त्या अपघातांत आहे. माझा नातू अकरावींत शिकतो. त्यानें थर्मोकोलची एक जाड पाटी कापून तिला खालून पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा घेर चिकटविला, मधोमध भोंक पाडून त्यांत विजेच्या मोटारीवर चालणारा एक पंखा बसविला, मागच्या बाजूस दुसरा पंखा उभा केला, त्यामागें पुठ्ठ्याचीं सुकाणूचीं दोन पातीं लाविलीं, आणि हातांतल्या बिनतारी पेटीची दांडी पुढें सारली. पाटी फुगली, उचलली गेली, आणि भोंवऱ्यासारखी गरगर फिरत जाऊन तुळशीच्या कुंडीवर आदळली. माझ्या पत्नीनें कुंडीचा तुकडा उचलून माझ्याकडेच पाहिलें. जणूं आयुष्यभर मुलांना शिकविल्याचा हाच परिणाम व्हावयाचा होता.

ह्या वाहनाला हॉवरक्राफ्ट म्हणतात. मराठींतही आतां तेंच नांव रुळलें आहे, तेव्हां नवा शब्द घडविण्याच्या खटपटींत मी पडत नाहीं. हवेच्या गादीवर तें तरंगतें. म्हणून त्याला जमीन, पाणी आणि चिखल हीं तिन्ही सारखींच. नातवाला ह्याच वाहनाचा नाद कां लागला, हें नागपूरकरांना सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या शहरावर कांहीं तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला आणि नाग नदीनें आपल्या काठच्या वस्त्यांत शिरून झोपलेल्या माणसांना उठविलें. आमच्या एका आप्तांच्या घरांत कमरेइतकें पाणी होतें. गल्लींत कोठें गुडघाभर, कोठें गळ्याइतकें, आणि मध्यें मध्यें बुडालेल्या मोटारी, कुंपणाच्या तारा, वाहून आलेल्या फांद्या. अशा पाण्यांत पाय टाकावयाची सोय नाहीं आणि नावेच्या पंख्यालाही सुख नाहीं. तो कचऱ्यांत अडकतो. तेव्हांपासून मुलाच्या डोक्यांत बसलें कीं, पाण्याच्या वरून जाणारें कांहीं तरी असावें आणि त्यानें निदान एक दोरी तरी पलीकडे न्यावी.

उचलणें त्याला एका संध्याकाळीं साधलें. वळविणें साधावयास सव्वा महिना लागला. आणि तो सव्वा महिना मी त्याच्या शेजारीं बसून काढला असल्यामुळें मला एक गोष्ट उमगली, ती अशी कीं, वाहनांच्या इतिहासांत आपण नेहमीं उचलण्याचीच कथा सांगतों आणि वळविण्याची कथा वगळतों. हा दोष माझ्याही हातून घडला आहे. तो पुढें सांगेन. आधीं दुरून हुकूम देण्याची विद्या कशी जन्मली तें पाहूं.

ह्या विद्येचा एक मोठा धागा आपल्याच देशांतला आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस ह्यांनीं बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांच्या देखत एक प्रयोग केला. यंत्रापासून सुमारें ७५ फुटांवर, मध्यें भिंती असतांना, एक घंटा वाजली आणि थोडीशी दारू भडकून उडाली. मध्यें तार नव्हती. विजेची लहर भिंतींतून गेली आणि पलीकडच्या ग्राहक यंत्रानें ती ओळखून आपला खटका सोडला. आज आपण दिवाणखान्यांत बसून पंख्याची गति कमीजास्त करतों, त्यांतही तत्त्व हेंच आहे: लहर स्वतः काम करीत नाहीं, ती दुसरीकडे दडवून ठेवलेल्या शक्तीला फक्त मोकळी करते. घंटा वाजविण्याइतकी शक्ति त्या लहरींत नव्हतीच. ती घंटेजवळच्या विजेच्या घटांत होती.

त्या काळच्या ग्राहक यंत्राची रचनाही पाहण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें ब्रान्ली ह्यांनीं १८९० सालीं दाखविलें होतें कीं, कांचेच्या नळींत धातूचा कीस भरला तर तो एरव्हीं वीज जाऊं देत नाहीं. परंतु जवळपास विजेची ठिणगी उडाली कीं कणाला कण चिकटतो आणि वाट मोकळी होते. अडचण एवढीच कीं, एकदां चिकटलेला कीस आपण होऊन सुटत नाहीं. नळीला टिचकी मारावी लागते. म्हणजे प्रत्येक हुकुमानंतर शिपायाला हालवून जागा करण्यासारखेंच तें झालें! बोस ह्यांनीं पुढें लोखंड व पारा ह्यांचा असा ग्राहक केला कीं त्याला टिचकीची गरज उरली नाहीं. तो शोध त्यांनीं १८९९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. त्यांचे निबंध छापलेले आहेत, त्यांचीं व्याख्यानें ऐकणारे लोक त्यांविषयीं लिहून गेले, आणि त्यांचीं यंत्रें कलकत्त्यास त्यांनींच स्थापिलेल्या संस्थेंत जपून ठेविलेलीं आहेत.

हें मी मुद्दाम सांगतों, कारण त्याच १८९५ सालची दुसरी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे ह्यांनीं गिरगांवच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें निर्मनुष्य विमान १५०० फूट उंच उडविलें आणि राइट बंधूंच्या आधीं आठ वर्षें हा पराक्रम केला, अशी ती गोष्ट. तळपदे हे काल्पनिक पुरुष नव्हेत. ते मुंबईंत राहत, कलाशिक्षण व संस्कृत ह्यांशीं त्यांचा संबंध होता, प्राचीन विमानविद्येवर त्यांनीं लिहिलेंही आहे. परंतु त्या उड्डाणाचा त्या दिवसांतला भक्कम पुरावा कोणाला दाखवितां आलेला नाहीं. वृत्तपत्रांत आलें होतें असें म्हणतात. तो अंक मात्र पुढें येत नाहीं. विमानशास्त्रावरील ज्या संस्कृत ग्रंथाचा ह्या कथेशीं संबंध जोडतात त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विमानविद्येच्या पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं केली. तो ग्रंथ १९०४ सालापेक्षां जुना ठरत नाहीं आणि त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आतां माझी कबुली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन सातवीपर्यंतच्या मुलांना शिकविलें. हें विमान मीं वर्षानुवर्षें वर्गांत उडविलें आहे. चौपाटीवरची गर्दी, महाराजांची उपस्थिति, वर चढत जाणारें यान, सगळें रंगवून सांगत असें आणि पोरें टाळ्या वाजवीत. एकदां, वीसपंचवीस वर्षांपूर्वीं, मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, विमानांत माणूस नव्हता ना? मग त्याला वळवीत कोण होतें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. उत्तर येत नाहीं असें म्हणावयाचा धीरही झाला नाहीं. "पुस्तकांत लिहिलें आहे तें ऐक आणि खालीं बस," असें मीं त्याला दरडावलें. मुलगा बसला. पुन्हां त्यानें कधीं प्रश्न विचारल्याचें मला आठवत नाहीं.

त्याचा प्रश्न किती नेमका होता हें आतां कळतें. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं पहिलें उड्डाण केलें, तें १२ सेकंदांचें आणि १२० फुटांचें. एवढ्याशा उडीचें जगाला काय कौतुक? त्यांच्या आधीं हवेंत वर जाऊन आलेले लोक होते. कांहीं पडून मेले. राइट बंधूंनीं पंखांना पीळ देऊन व मागचें सुकाणू वळवून विमान तोलून धरण्याची युक्ति काढली, आणि १९०६ सालीं त्यांना जें पेटंट मिळालें तें यंत्राच्या बळाचें नसून ह्या नियंत्रणाचें आहे. उचलणारे पुष्कळ होते. आवरणारे हे दोघे.

आतां पुन्हां पाण्यावर येऊं. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरांतल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील विद्युत्प्रदर्शनांत निकोला टेस्ला ह्यांनीं पाण्याच्या एका हौदांत सुमारें ४ फूट लांबीची लोखंडी नाव सोडली. नावेंत घट होते, पाठीमागें पंखा व सुकाणू होतें, वर दिवे होते आणि पोटांत तोच धातूच्या किसाचा ग्राहक. टिचकीच्या अडचणीवर टेस्लांचा उपाय असा कीं, प्रत्येक संकेतानंतर ती डबीच उलटी व्हावी आणि कीस मोकळा व्हावा. टेस्ला दूर उभे राहून पेटीवरची मूठ फिरवीत आणि नाव वळे, थांबे, दिवे लावी. प्रेक्षकांपैकीं कोणी म्हणाले, आंत शिकविलेलें माकड असावें. टेस्ला थट्टेनें नावेला ६४ चें घनमूळ विचारीत आणि नाव चार वेळां दिवे लुकलुकवी, असें सांगतात. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्यांना ह्याचें पेटंट मिळालें. खेळण्यांतल्या मोटारीपासून मंगळावरच्या गाडीपर्यंत जें जें बिनतारी संकेतानें हांकलें जातें, त्याच्या वंशावळींत ही नाव अगदीं वर बसते.

तिचा एक स्वभाव मात्र ध्यानांत ठेवा. तिला 'डावीकडे वळ' असा हुकूम देतां येत नसे. तिला फक्त 'पुढचें कर' एवढेंच सांगतां येई. एक संकेत आला कीं आंतलें चक्र एक घर पुढें सरके, दुसऱ्या संकेताला आणखी एक घर. कोणत्या घरांत कोणतें काम हा क्रम ठरलेला. बिल्बाओच्या बंदरांत १९०६ सालीं स्पेनच्या राजापुढें नाव हांकणाऱ्या लिओनार्दो तोर्रेस केवेदो ह्यांनीं संकेतांची संख्या मोजून निरनिराळीं कामें निवडण्याची व्यवस्था पुष्कळ पुढें नेली. तरी मोजणें सुटलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत हौशी लोकांनीं घरीं विमानें व नावा करावयास घेतल्या तेव्हांही बहुधा हीच तऱ्हा होती. रबराच्या पिळावर चालणारी एक छोटी चकती असे. बटण दाबलें कीं सुकाणू उजवीकडे, सोडलें कीं मध्यें, पुन्हां दाबलें कीं डावीकडे. आपण कोणत्या घरांत आहों हें हांकणारा विसरला, तर नाव डावीकडे जावयाची ती उजवीकडे जाई आणि त्याचे दोन महिन्यांचे कष्ट दगडावर फुटत.

नातवाच्या पेटींत हा हिशेब राहिला नाहीं. तेथें दांडी जितकी सरकवावी तितकेंच पातें वळतें. युक्ति अशी कीं, सेकंदाला सुमारें ५० वेळां एक ठोका जातो आणि त्या ठोक्याची लांबी हाच हुकूम. ठोका एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असेल तर पातें एका टोकाला, दोन हजारांशांइतका असेल तर दुसऱ्या टोकाला, दीड असेल तर मधोमध. सुपारीएवढ्या पेटींतील मोटार तो ठोका मोजते आणि पातें तेथें नेऊन धरून ठेवते. माझ्या नातवाला ही गोष्ट इतकी सहज वाटते कीं त्याला तिच्यांत आश्चर्य दिसत नाहीं. मला दिसतें. धातूच्या किसाला टिचकी मारण्यापासून येथवरचा रस्ता पुष्कळ लांब आहे.

हा रस्ता आपल्याकडे आणखी एका कारणानें लांबला. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याखालीं परवान्यावांचून असलीं यंत्रें बाळगणें हा गुन्हा होता. माझ्या लहानपणीं घरच्या साध्या रेडिओचेंही परवान्याचें पुस्तक असे. वडील दरवर्षीं पोस्टांत जाऊन पैसे भरीत आणि त्यावर शिक्का मारून आणीत. जेथें ऐकण्याला परवाना, तेथें बोलणारें यंत्र मुलाच्या हातीं कोण देणार? २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यावांचून मोकळा झाला. आतां सीताबर्डीच्या दुकानांत ती पेटी कोणालाही मिळते.

हॉवरक्राफ्टची जन्मकथा मला ह्या सगळ्यांत अधिक आवडते, कारण ती स्वयंपाकघरांतली आहे. ख्रिस्तोफर कॉकरेल हे इंग्लंडांत १९१० सालीं जन्मले. मार्कोनी कंपनींत त्यांनीं बरींच वर्षें बिनतारी यंत्रांचें काम केलें. म्हणजे हवेवर नाव चालविणारा हा माणूस मूळचा रेडिओचा! पुढें नोकरी सोडून ते पूर्व इंग्लंडांत लहान नावा बांधण्याच्या धंद्यांत पडले. पाण्याचें घर्षण नावेला मागें ओढतें, तें कमी कसें करावें, ह्या विचारांत असतांना त्यांना वाटलें कीं नावेखालीं हवाच भरली तर? नुसती हवा फुंकून भागत नव्हतें. ती कडेनें निसटून जाई आणि ती भरून काढण्यांत यंत्राची सारी शक्ति खर्च होई.

१९५५ सालीं त्यांनीं दोन रिकामे डबे घेतले, एक कॉफीचा आणि एक मांजराच्या खाण्याचा. लहान डबा मोठ्यांत बसविला. दोहोंच्या मध्यें जी बांगडीच्या आकाराची फट राहिली तिच्यांतून वारा फुंकणाऱ्या यंत्रानें हवा खालीं सोडली, आणि हा जोडडबा स्वयंपाकघरांतल्या तराजूवर धरून दाब मोजला. एकाच डब्यांतून तेवढाच वारा सोडला असतां जो जोर येई, त्याच्या सुमारें तिप्पट जोर ह्या फटींतून आला. कारण समजण्यासारखें आहे. बांगडीसारखी खालीं येणारी हवा स्वतःच एक भिंत होते आणि मधली हवा कोंडून धरते. कोंडलेली हवा ही गादी.

पुढची हकीकत सरकारी आहे. कॉकरेल लहानसा नमुना घेऊन लंडनांत अधिकाऱ्यांकडे गेले आणि सरकारानें ती कल्पना गुपित म्हणून कुलुपांत ठेवली. आरमार म्हणालें, हें विमान आहे. विमानदल म्हणालें, ही नाव आहे. सैन्याला दोहोंचीही गरज नव्हती. हा विनोद कॉकरेल ह्यांच्या नांवानें सर्वत्र सांगतात. अखेर गुपित उठलें, सरकारी महामंडळानें पैसा दिला, सॉन्डर्स-रो कंपनीनें एसआर-एन१ हें पहिलें मोठें यान बांधलें, तें ११ जून १९५९ रोजीं लोकांनीं पाहिलें आणि २५ जुलैला त्यानें कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. ब्लेरियोनें विमानांतून ती खाडी ओलांडल्याला त्याच दिवशीं ५० वर्षें होत होतीं. त्या प्रवासांत कॉकरेल स्वतः यानावर उघड्यावर होते, आणि त्यांचें काम होतें तोल संभाळण्याचें; नाक जड झालें कीं मागें सरकावयाचें, हलकें झालें कीं पुढें. संशोधक स्वतःच्या यंत्रांत वजनाची पिशवी होऊन बसला आहे, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. आमच्या पाटीवर तें काम दोन रुपयांच्या सात नाण्यांनीं केलें. नाक जड राहिलें कीं पुढचा घेर खालीं दुमडून पाटी पाण्यांत तोंड खुपसते. नाणीं एकेक करून मागें सरकवीत गेलों तेव्हां ती खोड गेली.

पहिलें यान जेमतेम वीतभर उंच तरंगे, म्हणून लाटांपुढें त्याचें चालत नसे. लॅटिमर-नीडहॅम ह्या अभियंत्यानें कडेला रबरी कापडाचा लवचिक घेर लोंबत सोडण्याची कल्पना काढली आणि ती अडचण दूर झाली. लाट आली कीं घेर दबतो, यान मात्र सपाट जातें. १९६८ पासून मोटारी आणि माणसें भरून मोठालीं हॉवरक्राफ्टें ती खाडी ओलांडूं लागलीं. २००० सालच्या ऑक्टोबरांत ती सेवा बंद झाली. खालच्या बोगद्यांतून आगगाडी जाऊं लागल्यावर हवेच्या गादीची किंमत उतरली. गोंगाट फार, इंधन फार, आणि घेर झिजतो, हीं तिचीं तीन दुःखें आमच्या पाटीलाही आहेत. घेराच्या तेरा पिशव्या फाटल्या.

थोडें गणित सांगूं काय? शिक्षकाला क्षमा असावी. आमची पाटी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, म्हणजे तळ १३५० चौरस सेंटिमीटर. सर्व सामानासह वजन ६०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या ग्रॅमपेक्षांही कमी भार. पाण्याची साडेचार मिलिमीटर उंची जेवढा दाब देते तेवढाच दाब हवेनें दिला कीं पाटी उचलली जाते. म्हणूनच ती चिखलांत रुतत नाहीं. उचलणें सोपें कां, तें ह्या आंकड्यांत आहे.

वळविणें कठीण कां, तें मात्र घर्षणांत आहे. बैलगाडी वळते ती चाकें जमिनीला धरून असतात म्हणून. नाव वळते ती पाणी तिच्या कुशीला रेटतें म्हणून. हवेच्या गादीवर बसलेल्याला कोणीच धरून ठेवीत नाहीं. सुकाणू वळविलें कीं नाक वळतें, परंतु यान पूर्वीच्याच दिशेनें तिरकें घसरत राहतें. वळण घ्यावयाचें तर नाक आधीं फिरवून, मागच्या पंख्याच्या जोरानें जुनी गति मोडून नवी द्यावी लागते, आणि हें सगळें वळण येण्यापूर्वीं. आमच्या पाटीचें पहिलें गरगरणें मात्र निराळ्याच कारणाचें निघालें. पोटांतला पंखा एका बाजूस फिरतो तेव्हां पाटी उलट बाजूस फिरूं पाहते. जमिनीवर टेकलेल्या वस्तूला तें जाणवत नाहीं, तरंगणाऱ्याला जाणवतें. पंख्याखालीं वाऱ्याच्या वाटेंत चार वांकड्या पट्ट्या बसविल्यावर तो फेर बराचसा थांबला.

दुसरी खोड यंत्राची नव्हती, हाताची होती. सुकाणूचीं पातीं काम करतात तीं मागच्या पंख्याचा वारा अंगावर येतो म्हणून. भिंत समोर आली कीं मुलगा घाबरून मागचा पंखा बंद करी, आणि ज्या क्षणीं वळावयाचें त्याच क्षणीं सुकाणू निर्जीव होई. घाबरल्यावर जोर वाढवावयाचा, ही गोष्ट शरीराला पटत नाहीं. मलाही पटली नाहीं. मीं पेटी हातीं घेतली तेव्हां चार वेळां भिंतीवर गेलों. त्याला शेवटीं तें साधलें. मला अद्याप साधलेलें नाहीं.

आपल्या देशांत हीं यानें तटरक्षक दलाकडे आहेत. कच्छच्या किनाऱ्यावर जेथें ओहोटीला पाणी नाहीं आणि जमीनही नाहीं, नुसता चिखल आहे, तेथें दुसरें वाहन चालत नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत अशा सहा यानांचा करार गोव्यांतील चौगुले कंपनीशीं झाला. कोंकणच्या खाडींत ज्यांनीं ओहोटीच्या वेळीं चिखलांतून मचवा ढकलला असेल, त्यांना ह्या बातमीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या वस्तीजवळच्या पटांगणांत घोट्याइतकें पाणी सांचलें, तेव्हां परीक्षेचा दिवस ठरला. चाळीस पावलांवर एक विटांचा ढीग होता, तें पुरांत सांपडलेलें घर समजावयाचें. पाटीच्या मागें शिवणकामाचा दोरा बांधला. दोऱ्यानें सुतळी ओढावयाची, सुतळीनें दोरी. आठ वेळां पाटी भलतीकडे गेली. एकदां दोरा पंख्यांत गुंडाळला गेला, तेव्हां दोरा मागून न बांधतां एका लांब काडीच्या टोकाला बांधला. नवव्या खेपेस ती तिरकी, बाजूनें घसरत, पण विटांच्या ढिगापर्यंत गेली. खऱ्या पुराच्या ओढींत ती टिकेल असें मी म्हणत नाहीं. साचलेल्या पाण्यांत टिकली, एवढें मीं पाहिलें.

त्या दिवशीं मीं एका माणसाला मुद्दाम बोलाविलें होतें. मागच्या बाकावरचा तो मुलगा आतां चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, ह्याच शहरांत मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवितो. मीं त्याला बाजूस घेऊन म्हटलें, "तूं वर्गांत विचारलें होतेंस, विमानाला वळवीत कोण होतें. त्याचें उत्तर मला माहीत नव्हतें. आणि तें विमान उडालें होतें असेंही मला सांगतां येत नाहीं. तुला मीं उगीच बसविलें." तो थोडा वेळ गोंधळला. मग हंसून म्हणाला, "गुरुजी, मला तर हें कांहींच आठवत नाहीं." मला त्याचें वाईट वाटलें कीं बरें वाटलें, कोण जाणे.

तेवढ्यांत नातवानें पेटी त्याच्या हातीं दिली. त्यानें दांडी पुढें सारली, पाटी निघाली, समोर कडुनिंबाचें झाड आलें, आणि सवयीप्रमाणें त्यानें जोर कमी केला. आम्ही दोघेही एकदम ओरडलों, "वाढव, वाढव!" त्यानें वाढविला. पाटी झाडाला डावी घालून, बुंध्यापासून हातभर अंतरावरून, चिखल उडवीत पलीकडे गेली.